‘फंड दाखवून देतो, ताई’: ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

माझा नवरा ब्रिटिश नागरिक, शेफील्डमधल्या एका गोदामात नोकरीला. मी कोल्हापूरची. लग्न विशेष विवाह कायद्याखाली इथेच झालं: महिनाभराची नोटीस, तीन साक्षीदार, सगळं रीतसर. ‘नवरा तिकडचा म्हटल्यावर व्हिसा काय, मिळणारच’ असं घरीदारी सगळेच म्हणत होते. प्रत्यक्षात तिकडचं सरकार लग्नाच्या दाखल्याइतकंच बारकाईने नवऱ्याचं पगारपत्रक बघतं.

परदेशी जोडीदाराला बोलवायचं तर ब्रिटिश जोडीदाराचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर हवं. २०१२ च्या जुलैपासून ही रक्कम १८,६०० पौंड होती, ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली. माझ्या नवऱ्याला मिळतात २५,००० च्या आसपास. मधले हे चार हजार पौंड कुठून आणायचे, या काळजीवर काही जणांचं दुकान चालतं. अशाच एका दुकानात आम्ही पोचलो. आबांच्या ओळखीतून कळलेला व्हिसा सल्लागार, चकचकीत ऑफिस, भिंतीवर ब्रिटनचा म्हणून लावलेला परवाना.

त्याने सांगितलेल्या निम्म्या गोष्टी खऱ्या होत्या, हे मुद्दाम लिहिते. २९,००० चा आकडा खरा. आधीच्या सरकारने ही मर्यादा ३८,७०० पर्यंत नेण्याची घोषणा केली होती, तेही खरं. त्याने ते बातमीचं कात्रण दाखवून सांगितलं आणि ‘ताई, आत्ता नाही केलं तर कायमचं अडकाल’ म्हणून घाई लावली. २०२४ च्या जुलैमध्ये नव्या सरकारने ती वाढ थांबवली, एवढाच भाग सांगायचा राहिला. आबा तर त्याला ‘साहेब’ म्हणायला लागले होते.

मग मुख्य बोलणं झालं. एक, माझा इथला पगार आणि तीन वर्षांचे आयटीआर नवऱ्याच्या पगारात मिळवू. दोन, तेवढ्याने भागलं नाही तर ‘फंड दाखवून देतो’, म्हणजे माझ्या खात्यात कुणाचे तरी पैसे काही दिवस ठेवायचे, स्टेटमेंट काढायचं, पैसे परत, वर त्याचं कमिशन. तीन, काहीच जमलं नाही तर पर्यटक व्हिसावर जायचं आणि ‘तिथे गेल्यावर कन्व्हर्ट’ करायचं.

तिन्ही गोष्टी खोट्या. अर्जदार ब्रिटनबाहेर असेल तर तिचा मायदेशातला पगार धरतच नाहीत. बचत धरतात, पण ती किमान सहा महिने आपल्याच ताब्यात असावी लागते आणि उसनी चालत नाही. हिशोबही ठरलेला आहे: पगार जेवढा कमी पडतो त्याची अडीचपट, अधिक १६,०००. आमच्या चार हजारांच्या तुटीला २६,००० पौंड. आणि पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे राहून जोडीदार व्हिसावर जाता येत नाही, परत यावं लागतं. उलट एक उपयोगाची गोष्ट त्याने विचारलीसुद्धा नाही. ब्रिटिश जोडीदाराला अपंगत्वाचा किंवा आजारी माणसाची देखभाल करण्याचा ठरावीक सरकारी भत्ता मिळत असेल तर २९,००० ची अट लागत नाही. आम्हाला ती सवलत लागू नव्हती, पण तुमच्यापैकी कुणाला असेल.

पैसे दोन हप्त्यांत गेले. त्याची स्वतःची फी १ लाख ८० हजार, आणि ‘एम्बसी डिपॉझिट’ म्हणून साडेपाच लाख, काही रोख, काही त्याच्या खासगी खात्यावर यूपीआयने. असं डिपॉझिट नसतंच. अर्जाची फी (तेव्हा १,९३८ पौंड) आणि आरोग्य अधिभार (वर्षाला १,०३५, या व्हिसाला एकूण ३,१०५) ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरतानाच ऑनलाइन भरायचे असतात. पैसे भरले की अधिभाराचा क्रमांक ईमेलवर येतो. आमच्याकडे काहीच आलं नाही, कारण अर्जाचं खातं त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पावती बनावट निघाली.

पितळ उघडं पडलं ते नवऱ्यामुळे. अर्ज पाठवण्याआधी मला पूर्ण दाखवा, असा हट्ट त्याने धरला. बऱ्याच टाळाटाळीनंतर पीडीएफ आली. त्यात नवऱ्याचा पगार ३१,५०० लिहिलेला आणि त्याच्याच कंपनीच्या नावाची, त्याने कधीही न पाहिलेली पगारपत्रकं जोडलेली! हा अर्ज गेला असता तर नकार तर मिळालाच असता, वर खोटी कागदपत्रं दिली म्हणून दहा वर्षांची बंदी माझ्या नावावर लागली असती. साहेबांच्या नावावर नव्हे.

भिंतीवरच्या परवान्याचंही सांगते. ब्रिटनमध्ये व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांची सरकारी नोंदवही आहे. ती ठेवणाऱ्या संस्थेचं नाव २०२५ च्या जानेवारीपासून इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी झालंय. नोंदवही ऑनलाइन कुणालाही बघता येते. याचं नाव त्यात नाही.

पैसे मागितल्यावर त्याने चेक दिला, तो वटला नाही. वकिलांनी मुदतीत नोटीस पाठवली, चेक न वटण्याच्या कलम १३८ खाली केस चालू आहे. यूपीआयने पैसे गेल्या गेल्या कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, रक्कम गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. आम्हाला कळलं तोवर खातं रिकामं होतं. नवऱ्याने आता जास्त पगाराची नोकरी धरली आहे. तिथली सहा महिन्यांची पगारपत्रकं जमली की अर्ज आम्हीच भरू, माझ्या ईमेलवरून.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा तर तुमचा आपसातला देण्याघेण्याचा वाद’ असंच ऐकायला मिळालं. बनावट पगारपत्रकांची प्रिंट समोर ठेवल्यावर तक्रार घेतली. कोल्हापूर-सांगली भागात कुणाला असाच ‘फंड’ आणि असाच परवाना दाखवला गेला असेल तर आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकट्या तक्रारीला वाद म्हणून बाजूला सारता येतं, चार-पाच आल्या की ते अवघड जातं.