सगळ्यांचा एक दिवस की महिन्याचे काही तास?

इंदूरात कंपनीला स्टाफकडून समाजासाठी काही करवून घ्यायचं असलं की पहिलं सुचतं ते ड्राईव्ह, म्हणजे एका दिवसाची मोहीम, बस काढा टीशर्ट वाटा झाडं लावा. ताकद आहेच त्यात, २०२४ मधे इथल्याच रेवती रेंज भागात एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली ती माणसं एकत्र आली म्हणूनच. पण उन्हाळ्यात पाणी घालायला कोण जाणार?

दुसरं म्हणजे पगारी तास, म्हणजे महिन्यातले काही तास पगार न कापता समाजकामाला द्यायचे, किंवा टाटांच्या प्रोएंगेज या उपक्रमासारखं, नोकरी सांभाळून सहा महिन्यांपर्यंत एखाद्या संस्थेला आपलं कौशल्य द्यायचं, हिशेब म्हणा वेबसाईट म्हणा. मला हेच पटतं, संस्थांना असा टिकणारा माणूसच हवा असतो, फक्त मॅनेजरनं त्या वेळेत मीटिंग लावायची नाही. नवीन लोकांना गोडी लावायला मात्र ड्राईव्हच बरा.