कोनाडे खोदलेच नाहीत, खोदाईचे पैसे मात्र घेतले

एकूण 92,000 रुपये दिले. त्यातले 37,500 रुपये अशा कामाचे, जे झालंच नाही.

हॉल आणि बेडरूममधली आमची भिंत नऊ इंची, विटांची. बेडरूमच्या बाजूने तिच्यात दोन कोनाडे करायचे होते, प्रत्येकी 3 फूट रुंद, 4 फूट उंच, 5 इंच खोल. खोली लहान आहे म्हणूनच कोनाडे, नाहीतर सरळ कपाट आणलं असतं. ठेकेदार ओळखीतून आला. नणंदेच्या शेजारी त्याने केलेलं किचन मी स्वतः जाऊन पाहिलं होतं आणि ते चांगलंच होतं. तेव्हा चौकशी केली नाही का, असं कृपया कुणी विचारू नका. केली होती.

त्याने कागदावर लिहून दिलं: फोडकाम 22,000, लिंटेल (कोनाड्यावरच्या विटा पेलणारी आडवी तुळई) 9,500, वायरिंग आणि बोर्ड हलवणं 6,000, मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा), लॅमिनेट आणि मजुरी 54,500. लिंटेलचं त्याने स्वतःहून काढलं. "ताई, लिंटेल न टाकता विटा काढल्या तर वरच्या विटा खाली बसतात. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकू द्यावा लागतो." हे खरंच आहे, मी नंतरही विचारून घेतलं. इतकं नेमकं बोलणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा तरी कसा?

50,000 आगाऊ, तिसऱ्या दिवशी 30,000, काम संपल्यावर 12,000. बिल मागितलं तर म्हणाला, वर 18 टक्के जीएसटी लागेल. मी गप्प बसले. ही चूक माझी.

दोन दिवस ब्रेकर चालला. धूळ घरभर होईल म्हणून त्याने खोलीच्या दाराला प्लास्टिक चिकटवलं. सासूबाईंना दमा आहे, मी ते कशाला काढतेय? तिसऱ्या दिवशी राडारोडा खाली गेला. तीन गोण्या. मी दारात उभी राहून मोजल्या, कारण गोणीमागे हमालाचे पैसे मीच देत होते. तीन गोण्या! आणि मला वाटलं, बरं झालं, हमाली कमी लागली.

त्या क्षणाचा राग अजून जात नाही. साधा हिशोब होता. एका कोनाड्याचे 5 घनफूट, दोघांचे 10. फोडलेल्या विटा दीडपट फुगतात, म्हणजे 15. सिमेंटच्या गोणीत जेमतेम सव्वा घनफूट मावतं. बारा गोण्या निघायला हव्या होत्या. भिंत फोडून घेत असाल तर गोण्या मोजा, दुसरं काही जमलं नाही तरी चालेल.

पंचवीस दिवसांनी कोनाड्यात दिवे लावायला इलेक्ट्रिशियन आला. बाजूच्या पॅनलमध्ये ड्रिल घातलं तर ते सरळ आत गेलं. "ताई, इथे भिंत नाही, पोकळ आहे." मग टेप काढली. खोलीची रुंदी 10 फूट 4 इंच होती, आता बरोबर 10 फूट भरली. भिंत फक्त इंचभर खरवडलेली होती. बाकीचे चार इंच त्याने पुढे लाकडी चौकट उभारून, सगळ्या भिंतीवर पॅनल मारून भरून काढले होते. लिंटेल कुठेच नव्हतं. "हलवलेला" बोर्ड त्याच जागी होता, नुसता पॅनलवर पुढे ओढलेला. प्लायवर मागून शिक्का आयएस 303 चा, म्हणजे कमर्शियल. मरीनला 710 असतो. प्लाय चिकटवण्याआधी शिक्का बघा, नंतर दिसत नाही.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेले. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या वेळी "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." न झालेल्या कामाचे पैसे खोटं सांगून घेतले, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधली फसवणूक नाही तर काय, असं विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, काम तर केलंय ना त्याने?" तिसऱ्या वेळी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. चौथ्या वेळी अर्जच सापडेना.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली. क्रमांक मिळाला, मग समोरून प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदतही दोन वर्षांची आहे, पण नोटीस पाठवायला त्याचा पत्ता हवा. कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. मोबाइल नंबरवरून पत्ता पोलीस काढू शकतात, पण गुन्हा नोंदल्याशिवाय काढणार नाहीत, आणि गुन्हा ते नोंदत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिला प्रश्न विचारला, भिंत फोडायची परवानगी घेतली होती का? घेतली होती, लेखी. तरी पुढे काही नाही.

आगाऊ देण्याआधी ठेकेदाराच्या पत्त्यावर प्रत्यक्ष जाऊन या. उघडी भिंत, आत टेप धरून, फोटोत घ्या आणि मगच दुसरा हप्ता द्या. आणि नवीन इमारतीत भिंती काँक्रीटच्या असतील तर तिथे कोनाडा खोदतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, त्या भिंती इमारतीचा भार घेतात.

मागच्या सोमवारी पोलीस अधीक्षकांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवला. तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे. पॅनल मी उतरवून घेतलंय, त्याचे 4,200 वेगळे गेले. भिंतीवर ब्रेकरचे इंचभर ओरखडे आहेत, ते बुजवू दिलेले नाहीत. पंचनाम्याला कुणी आलंच तर दाखवायला ठेवलेत.