18 रुपये फुटाचं छत आणि 10,58,700 रुपयांचा न केलेला भागाकार

सोलर पॅनेलसाठी छत भाड्याने द्यायच्या नादात आमच्या औद्योगिक इस्टेटचे एकूण गेले 10,58,700 रुपये. साडेतीन महिन्यांत, पाच हप्त्यांनी, आणि प्रत्येक हप्त्याचं इन्व्हॉइस फायलीला लावलेलं. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना "एवढंही कळलं नाही का?" हे मनात येणारच. तेव्हा हेही लक्षात असू द्या की इस्टेटच्या कमिटीतल्या सात जणांपैकी चौघं दर महिन्याला स्वतः टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून भरतात आणि एकाचा धंदाच पत्र्याच्या शेड उभारायचा आहे. अडाणी कोणी नव्हतं.

स्कीम ओळखीचीच. छतावर मोबाइल टॉवर बसवून भाडं देतो सांगून आधी पैसे उकळायची जी होती तीच, फक्त टॉवरच्या जागी पॅनेल. नाव 'कम्युनिटी सोलर'. छत इस्टेटचं, प्लांट कंपनीचा, तयार होणारी वीज आसपासच्या ग्राहकांच्या बिलात वळती, आणि 38,000 चौरस फूट छताला दरमहा फुटामागे 18 रुपये भाडं. म्हणजे महिन्याला 6,84,000. पंचवीस वर्षं. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ, 41,04,000, त्याच्या डिमांड ड्राफ्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. फोटो. ड्राफ्ट खरा असेल तर काढणाऱ्या शाखेत नंबर सांगून पाच मिनिटांत खात्री होते. ती पाच मिनिटं कोणी काढली नाहीत.

पण खरी ठेच तिथे नाही लागली. ती लागली ड्रॉइंगमध्ये.

ए-1 आकाराचं रंगीत ड्रॉइंग होतं, ऑफिसच्या भिंतीवर दोन महिने लावलेलं. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: 550 वॉट, 1,820 नग, 1,001 किलोवॉट. आता 550 वॉटचं पॅनेल साधारण 2.28 मीटर बाय 1.134 मीटर असतं, म्हणजे जवळपास 27.8 चौरस फूट. गुणिले 1,820. नुसत्या काचेचं क्षेत्रफळ होतं 50,600 चौरस फुटांच्या आसपास. छत 38,000 चं! पॅनेल एकाला एक चिकटवून, मध्ये पाय ठेवायलाही जागा न सोडता मांडली तरी बारा हजार फूट हवेत लटकली असती. आणि हे भिंतीवर होतं. त्याच्याखाली बसून चहा प्यायलो आम्ही.

प्रत्यक्षात 38,000 मधून कडेचा भाग, स्कायलाइटचे पारदर्शक पत्रे, टर्बो व्हेंटिलेटर, टाकीची सावली आणि पॅनेल धुवायला लागणारी चालवाट वजा केली की उरतात 28,000. एका किलोवॉटला शंभर चौरस फूट हा ढोबळ हिशेब धरला तर 280 किलोवॉट. आपल्याकडे किलोवॉटमागे वर्षाला 1,450 युनिट धरा: 4,06,000 युनिट. युनिटला अगदी 6 रुपये मिळाले तरी वर्षाचे 24,36,000. आणि भाडं? वर्षाला 82,08,000. गल्ल्यात येणार चोवीस लाख आणि घरमालकाला देणार ब्याऐंशी लाख, असा कोणता व्यापारी पाहिलाय? छताच्या फुटामागे महिन्याला वीज पिकते सव्वापाच रुपयांची, त्यात त्याचं कर्ज, विमा, देखभाल सगळं भागायचं, आणि तो आपल्याला अठरा देणार. त्यांचा तो हवेतला 1,001 किलोवॉट खरा मानला तरी वर्षाची वीज सत्त्याऐंशी लाखांची. भाडं देऊन हातात पाच लाख. कोटींचा प्लांट पाच लाखांसाठी.

हा भागाकार कॅल्क्युलेटरवर वीस सेकंदांचा आहे. कोणीही छताचं भाडं सांगितलं की आधी तो करा, मग चहा मागवा.

आता पैसे कसे गेले ते. पहिले 23,600, ड्रोन सर्व्हे, वीस हजार अधिक 18 टक्के जीएसटी. सर्व्हे करणारा चाळीस मिनिटांत गेला. वरून ड्रोन फिरवला, खालून छताच्या कैच्या बघितल्या नाहीत, पर्लिनमधलं (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर मोजलं नाही, पत्रा किती जाडीचा आणि किती जुना ते विचारलं नाही. खरा माणूस पहिल्यांदा वीजबिल मागतो: ग्राहक क्रमांक, मंजूर भार, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, ट्रान्सफॉर्मर कुठला. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला सावली कुठवर येते ते बघतो. याने बिलाला हातही लावला नाही. वीजबिल न मागणारा सोलरवाला सरळ गेटवरून परत पाठवा.

दुसरे 88,500, स्ट्रक्चरल ऑडिटचे. पत्र्याच्या छतावर पॅनेल आणि रेल मिळून चौरस मीटरला बारा ते पंधरा किलो भार वाढतो, वर वाऱ्याचा उचल दाब वेगळा, म्हणून ऑडिट लागतंच. त्यामुळेच शंका आली नाही. पण ते ऑडिट प्लांट लावणाऱ्याने आपल्या खर्चाने करायचं असतं. गुंतवणूक त्याची, जोखीम त्याची. तिसरे 3,50,000, 'परत मिळणारी ग्रिड कनेक्टिव्हिटी अनामत'. ग्रिडची फी असलीच तर ती वीज कंपनीकडे, तिच्या पावतीवर, अर्ज क्रमांकासकट जाते. मधल्या माणसाच्या खात्यात नाही. चौथे 1,86,200, मुद्रांक आणि नोंदणी शुल्क. त्या बदल्यात हातात पडला पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 खाली नोंदवावाच लागतो. न नोंदवलेला कागद कलम 49 मुळे भाडेपट्टा म्हणून कोर्टात उभा राहत नाही. पंचवीस वर्षांचा करार आणि नोटरीचा शिक्का! सरकारी शुल्क कोणाच्या हातात द्यायचं नसतं, दुय्यम निबंधकाच्या नावाने ऑनलाइन चलन काढून भरता येतं.

पाचवा हप्ता लिहायलाच लाज वाटते. 4,10,400. 'आगाऊ भाड्यावरचा दहा टक्के टीडीएस, तो जमा झाल्याशिवाय ड्राफ्ट सुटणार नाही.' टीडीएस भाडेकरू भाड्यातून कापतो, घरमालकाच्या पॅनवर भरतो, घरमालकाला तो आयकर खात्याच्या करपत्रकात दिसतो. घरमालकाने भाडेकरूला टीडीएस पाठवायचा, हे जगात कुठेही नाही. कमिटीतल्या चौघांना हे पाठ आहे. तरी आरटीजीएस झालं, कारण तोवर साडेसहा लाख अडकले होते आणि 41 लाखांचा फोटो रोज समोर येत होता. बुडालेल्या पैशाच्या मागे पैसा असाच जातो. सहावी मागणी आली ट्रान्सफॉर्मर बदलायच्या 7,25,000 ची, तेव्हा कुठे हात थांबला.

एक गोष्ट मात्र पहिल्या इन्व्हॉइसवरच छापलेली होती. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, सांगतं की पॅन कोणाचा: कंपनीचा असेल तर सी, व्यक्तीचा असेल तर पी. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर पी. म्हणजे कंपनीच्या नावाखाली कुठल्यातरी एका माणसाचा नंबर. सीआयएनचंही, म्हणजे कंपनीच्या नोंदणी क्रमांकाचंही, तसंच. त्यातले नऊ ते बारा हे आकडे स्थापनेचं साल असतं. माहितीपत्रकात 'पंधरा वर्षांचा अनुभव', सीआयएनमध्ये 2023. चष्मा लावून वाचायचं एवढंच होतं.

वीज वळती करण्याचं कलमही एकदा नीट वाचलं असतं तर पुरलं असतं. एका छतावरची वीज अनेक ग्राहकांच्या बिलात घालायला राज्याच्या वीज नियामक आयोगाचे नियम आणि वितरण कंपनीची मंजुरी लागते, आणि प्रत्येक लाभार्थीचा ग्राहक क्रमांक व हिस्सा लिहून द्यावा लागतो. करारात एकही ग्राहक क्रमांक नव्हता. गळती झाली तर कोण दुरुस्त करणार, दहा वर्षांनी पत्रा बदलायचा झाला तर पॅनेल उतरवायचा खर्च कोणाचा, इमारत बँकेकडे गहाण असेल तर तिची ना-हरकत, मुदत संपल्यावर सांगाडा कोण काढणार, यातलं काहीच नव्हतं. खऱ्या करारात याच कलमांवर महिनाभर भांडण होतं. भांडण न होता सही होत असेल तर समजून जा.

आणि आता यंत्रणा. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, कंपनीचा पत्ता आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात, पैसे तुमच्या बँकेतून गेले, तिथे जा. तिसऱ्यांदा पहिल्याच ठाण्यात, "करार झालाय ना? मग ही दिवाणी बाब." सायबर कक्षात, "स्वतः बँकेत जाऊन भरलेत, यात सायबर काय?" आर्थिक गुन्हे शाखेत रक्कम लहान पडली! दहा लाख लहान. अकरा फेऱ्या, सात अर्ज, आणि हातात आवक क्रमांकाचे शिक्के. बँकेकडे विचारलं खातं कोणाचं, तर ग्राहकाची माहिती गोपनीय. आमची रक्कम गोपनीय नव्हती, त्याचं नाव गोपनीय. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो शेवटच्या हप्त्यानंतर एकोणीस दिवसांनी, ही चूक आमची. तोवर त्या खात्यात 2,114 रुपये उरले होते, ते गोठवले. तुम्ही पहिल्या तासातच करा, पोलीस ठाण्याच्या आधी.

हद्दीचं कारण ऐकून परत येऊ नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. फसवून पैसे उकळणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), जुनं 420, दखलपात्रच. नाहीच घेतली तर 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, मग 175(3) खाली दंडाधिकाऱ्यांकडे. "दिवाणी बाब" हे वाक्य तोंडी सांगतात. लेखी मागा, लिहून कोणी देत नाही. आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचं नाव दाखवायची सोयही आता बँकांमध्ये आहे. पैसे पाठवायच्या आधी बघा, आमच्यासारखं अर्जाला जोडण्यासाठी नंतर नको.

आमचा अर्ज सध्या 'चौकशीवर' आहे. मागच्या आठवड्यात पलीकडच्या इस्टेटच्या कमिटीने एक ड्रॉइंग दाखवायला आणलं. कंपनीचं नाव नवं, छत 22,000 चौरस फुटांचं. खाली उजव्या कोपऱ्यातली चौकट तीच: 550 वॉट, 1,820 नग. त्यांचे 23,600 भरून झाले होते.