ए३ कलर कॉपियर आणि ३०० जीएसएम कागद: कोकणातल्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीच्या ऑफिसात हे ए३ कलर मशीन मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत सलग चाललं आहे. मिनिटाला २५ प्रती, बायपास ट्रेतून (हाताने कागद घालायचा बाजूचा ट्रे) ३०० जीएसएमपर्यंत कागद. जीएसएम म्हणजे कागदाचं एका चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन. कामं इथली नेहमीचीच: आंबापेट्यांची लेबलं, होमस्टेची मेनूकार्डं, पतसंस्थेच्या अहवालांची कव्हरं. साध्या ७५ जीएसएमवर तक्रारीला जागा नाही. कस लागतो तो २५० आणि ३०० जीएसएमच्या आर्टकार्डवर (लेप दिलेलं गुळगुळीत जाड कार्ड), आणि तिथे बिघडणाऱ्या दहा प्रतींपैकी बहुतेक मशीनमुळे नाही, तर चुकीच्या सेटिंगमुळे नाहीतर कागदातल्या ओलीमुळे बिघडतात.

आधी सेटिंग. पॅनेलवर कागदाचा प्रकार 'प्लेन' राहिला की मशीन जाड कार्डही पूर्ण वेगाने ओढतं. फ्युजरला, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणाऱ्या गरम रोलरला, ते तापवायला वेळ मिळत नाही आणि टोनर (रंगाची पूड) नीट न वितळता वर बसून राहतो. गडद भागावरून नख ओढून पाहा. रंग खरवडून आला तर एक पायरी जाड प्रकार निवडा. घडी घालून तपासू नका, कारण आर्टकार्डचा लेप घडीवर तसाही फुटतो. घडीसाठी आधी क्रीझ (दाबून पाडलेली खाच) मारावी लागते. जाड प्रकारावर वेग जवळपास निम्मा होतो, तो बिघाड नाही. प्रकार पॅनेलवर आणि कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरमध्ये, दोन्हीकडे सारखाच हवा. सर्वात जास्त गल्लत इथेच होते.

आता ओल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यावरची हवा इतकी दमट असते की उघडं कार्ड काही तासांतच पाणी धरतं. ओल्या कागदातून वीज सहज वाहून जाते, त्यामुळे मशीनच्या आतल्या बेल्टवरचा टोनर कागदावर ओढून घेणारा विद्युतभार टिकत नाही. गडद भाग ढगाळ, ठिपकेदार दिसतो. लाल, हिरवा आणि निळा आधी बिघडतात, कारण तिथे टोनरचे दोन थर एकावर एक उचलायचे असतात. नुसता पिवळा किंवा काळा त्या मानाने बरा येतो. त्याच कार्डावर हीट वाढवून उपयोग नाही. लेपाखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि बारीक फोड येतात. याची खात्री दोन मिनिटांत होते: नवीन सीलबंद पॅकेटमधलं एक कार्ड आणि कालपासून उघडं पडलेलं एक कार्ड, तीच फाइल, तेच सेटिंग. पहिलं स्वच्छ आलं तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलावू नका.

पॅकेट लादीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. लाकडी फळी हवी. वापरण्याआधी ते न फोडता एक दिवस मशीनच्याच खोलीत राहू द्या. एसीच्या गार खोलीतून आणून लगेच फोडलं, तर बाहेरची दमट हवा लागून कागदाला दव धरतं. उरलेली कार्डं वेष्टनात घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावा.

दुसऱ्या बाजूची गोष्ट उलटी. पहिल्या फेरीत फ्युजरमधून गेलेलं कार्ड कोरडं होतं, त्याला ट्रान्सफरचा (टोनर कागदावर ओढून घेण्याचा) व्होल्टेज जास्त लागतो. म्हणून कार्ड उलटून घालताना 'दुसरी बाजू' हा पर्याय निवडायलाच हवा. तरीही फिकट आलं तर ॲडजस्टमेंट मेनूमध्ये त्या बाजूचा व्होल्टेज एकेक पायरी वाढवून पाहा. फार वाढवला की गडद भागात पांढरे टिपके उठतात. तिथून मागे या.

ठरावीक अंतराने तोच डाग येत असेल तर पट्टीने अंतर मोजा आणि ३.१४ ने भागा. उत्तर म्हणजे दोषी रोलरचा व्यास. ९४ मिमी आलं तर ३० मिमीचा भाग, बहुधा ड्रम (ज्यावर आधी टोनरचं चित्र उमटतं तो). कागद चालतो त्या दिशेने एकाच रंगात बारीक पांढरी रेघ असेल तर लेझरच्या काचेवर धूळ आहे. मशीनसोबत मिळणारी सफाईची कांडी दोन-तीनदा फिरवली की जाते. रेघ फक्त वरच्या फीडरमधून कॉपी काढताना दिसते आणि कॉम्प्युटरवरून प्रिंट काढताना दिसत नाही, तर स्कॅनरची अरुंद काच पुसा.

इंकजेटचा फोटो पेपर यात कधीही घालू नका, त्याचा लेप फ्युजरला चिकटतो. सोनेरी फॉइल असलेल्या पत्रिकाही नकोत. खडबडीत पोताच्या कार्डावर खोलगट जागी रंग पोचत नाही आणि सेटिंग बदलून तो पूर्ण सुधारतही नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावं.

कलर कॅलिब्रेशन (मशीनचे रंग जुळवून घेणं) सकाळी मशीन थंड असताना करू नये. पंधरा-वीस प्रती काढून झाल्यावर, काच पुसून करा.

मशीन घ्यावं का? हो, पण कॅसेट हीटरसकट, म्हणजे ट्रेमधला कागद कोरडा ठेवणाऱ्या हीटरसकट. तो सहसा वेगळा घ्यावा लागतो आणि मेन स्विच बंद असतानाही प्लग चालू ठेवला तरच रात्री ट्रे कोरडे राहतात, हे बसवून घेतानाच विचारून घ्या. बायपासला मात्र त्याची ऊब मिळत नाही. तिथे एका वेळी दहा-पंधराच कार्डं, कडा फडफडवून सुटी करून ठेवावीत आणि काम संपलं की उरलेली लगेच काढून घ्यावीत.