महागड्या गाडीची दुरुस्ती आणि विमा कंपनीची सेवा

पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर पुढच्या वाहनाने अचानक ब्रेक दाबला आणि आमच्या दोन हजार सीसीच्या जर्मन सेडानचा बंपर व डावा हेडलॅम्प कामातून गेला. विमा कंपनीचा सर्व्हेअर दुसऱ्याच दिवशी अधिकृत वर्कशॉपमध्ये हजर झाला, ही तिची जमेची बाजू. झीरो डेप्रिसिएशनचे संरक्षण घेतलेले असल्याने प्लॅस्टिक व रबराच्या सुट्या भागांवर एरवी होणारी ५० टक्के घसारा-कपात टळली. हेडलॅम्पची किंमत एखाद्या चांगल्या दुचाकीइतकी असताना ही बाब किरकोळ नव्हे. दीड हजार सीसीवरील गाड्यांना लागू असलेली २,००० रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातील गाडीमालकाने स्वतः सोसायचा वाटा, आम्ही भरली. मात्र अंतिम बिलात कूलंट, क्लिपा आणि नट-बोल्ट यांची रक्कम वेगळी लावलेली दिसली, कारण अशा कन्झ्युमेबल्सचे, म्हणजे दुरुस्तीत खर्ची पडणाऱ्या वस्तूंचे, पूरक संरक्षण आम्ही घेतलेच नव्हते आणि पॉलिसी विकताना त्याचा उल्लेखही कोणी केला नव्हता. खरी नाराजी निराळीच आहे: बंपरमागील रडारच्या (पुढच्या वाहनांचे अंतर ओळखणाऱ्या सेन्सरच्या) कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूक जुळवणीला, मंजुरी देण्यास कंपनीने नऊ दिवस लावले आणि तोवर रंगवून तयार झालेली गाडी वर्कशॉपमध्येच उभी राहिली.