खताची चाचणी: अर्धं-अर्धं रान की जोडीचे तुकडे?

वाळवा तालुक्यात नवं जिवाणू खत आलं की उसाच्या एकराचे सरळ दोन भाग पाडतात. एका अर्ध्यात खत, दुसरं अर्धं तसंच. सोपं आहे, पाणी देणाऱ्याच्याही लक्षात राहतं. पण कृष्णाकाठचं रान एकसारखं कुठे असतं? खालच्या अंगाला पाणी साठतं, पांढरे क्षार वर येतात, ऊस खुरटतो. खत वरच्या अर्ध्यात पडलं असेल, तर वजनातला फरक खताचा की निचऱ्याचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या पद्धतीत त्याच एकराचे पाच-पाच गुंठ्यांचे आठ तुकडे करायचे आणि शेजारशेजारच्या चार जोड्या लावायच्या. जोडीतल्या कुठल्या तुकड्याला खत, हे नाणं उडवून ठरवायचं. आपण निवडलं तर हात नकळत चांगल्या जमिनीकडे जातो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेड केंद्रात शेतीप्रयोगांत अशीच चिठ्ठीची वाटणी रुजवली. बेणं, लागणीची तारीख, बाकीची खतं सगळीकडे सारखीच हवीत.

चारही जोड्यांत खताचा ऊस भारी भरला, तरी खत कुचकामी असताना निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता सोळात एक उरते. अर्ध्या-अर्ध्या रानात तीच दोनात एक! म्हणून मी जोडीच्याच बाजूचा. जमलं तर जोड्या आणखी वाढवाव्यात.

अडचण तोडणीला येते. आठ ढीग वेगळे ठेवायला टोळी कुरकुरते. तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या मधल्या एका गुंठ्याचंच वजन करा. कडेच्या सऱ्या तशाही सोडायच्याच असतात, पाटाच्या पाण्याबरोबर खत शेजारी सरकतं. आणि काट्यावरच्या माणसाला कुठला ढीग कशाचा, ते सांगू नका.