ग्लुकोमीटर, सात महिन्यांनंतर: यंत्र बरं आहे, डबीचं काय ते बोला

सात महिन्यांत रक्तातली साखर बघायच्या 110 पट्ट्या वापरल्या, त्यातल्या 19 वाया गेल्या. एक पट्टी वीस रुपयांना पडते, म्हणजे 380 रुपये पाण्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक खूण करून ठेवली आहे, उगाच बोलत नाही.

यंत्र फेब्रुवारीत घेतलं, हिच्यासाठी. ही सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनवर आहे. यंत्राबद्दल तक्रार नाही. आकडे मोठे दिसतात, पाच सेकंदांत उत्तर मिळतं. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं त्याच वेळी यावरही बघितलं; लॅबचे 148, याचे 161. पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक अशा यंत्रांत चालतो म्हणतात, त्यात बसलं.

माझं भांडण आहे ते पट्ट्यांच्या डबीशी. तोंड इतकं अरुंद की माझी बोटं आत जातच नाहीत. उलटी केली की दहा पट्ट्या एकदम हातावर पडतात. वापरणारा माणूस सत्तरीचा असणार हे कंपनीला कळू नये? शेवटी मी सगळ्या पट्ट्या स्टीलच्या चपट्या डबीत काढून ठेवल्या. कशी झकास सोय!

मे महिन्यात ही आंब्याची साटं वाळत घालायला भर दुपारी अनवाणी गच्चीवर गेली. तळव्याला हा मोठा फोड आला, पण हिला पत्ताच नाही. पायाची जाणीव कमी झालीय हे तेव्हा कळलं. ड्रेसिंगला घरी सिस्टर येऊ लागल्या, एका खेपेचे 300 रुपये. (हे मला जास्त वाटले होते.) पहिल्याच दिवशी त्या येण्याआधी मी शुगर बघितली तर 312! इन्सुलिन वाढवायचं का विचारायला डॉक्टरांना फोन लावत होतो, तेवढ्यात सिस्टर आल्या. म्हणाल्या, "काका, काकूंचे हात बघा." कोपरापर्यंत आंब्याचा रस. साबणाने हात धुऊन, नीट पुसून पुन्हा टोचलं. 174. तो रस रक्तात मिसळून आकडा फुगला होता. जादा इन्सुलिन दिलं असतं तर रात्री साखर 70च्या खाली जायला कितीसा वेळ?

टोचायचंही त्यांनीच शिकवलं. बोटाच्या मधोमध नाही, कडेला, दुखत कमी. आणि एक सुई आठवडाभर वापरण्याची माझी काटकसर त्यांनी पहिल्या दिवशीच बंद केली. वापरलेली सुई आता फिनेलच्या जाड रिकाम्या बाटलीत जाते.

जुलैत 'एरर' सुरू झाले. चिपळूणचा पाऊस लागला होता. एकाच आठवड्यात सहा पट्ट्या गेल्या. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिथली मुलगी विचारते, "पट्ट्या कशात ठेवता?" मी म्हटलं, "डबीत." खोटं काय बोललो? चिडचिड करून नवी डबी फुकट मिळवली. पंधरा दिवस ठीक गेले, मग पुन्हा एरर.

इथवर मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि दोनच स्टार देणार होतो. काल सिस्टर हिचा पाय बघायला आल्या. तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघून झाल्यावर त्यांची नजर माझ्या स्टीलच्या डबीवर पडली. मला वाटलं, कौतुक करतील. त्यांनी कपाळाला हात लावला. कंपनीच्या डबीला आतून ओल शोषणारा थर असतो, झाकण घट्ट बसतं, ते उगाच नाही. पट्टीला दमट हवा लागली की ती बिघडते. म्हणजे फुकट मिळालेल्या पट्ट्याही मीच आणून आणून स्टीलच्या डबीत नासवल्या.

तर दोनाचे चार स्टार करतो. पण डबीचं तोंड अरुंदच आहे, ते मी मागे घेणार नाही. झाकण घट्ट ठेवा, पण तोंड बोटभर रुंद करायला काय जातं?

सिस्टरांचे 300 रुपये मात्र आता जास्त वाटत नाहीत. (200 घेतले असते तरी चाललं असतं.)

सध्या डबी हिच्या ताब्यात आहे. हिची बोटं बारीक. हात धुऊन, पुसून पट्टी ही काढून देते, टोचतो मी.